गोगलगाय आणि तिच्या आश्रयाने वाढणारे कृमी

बंगळूर शहराच्या उत्तरेस हेब्बाळ हे ठिकाण आहे. एकेकाळी ते शहराबाहेरचे खेडे होते. आता विमानतळाकडे जाणारा हमरस्ता तेथून जातो आणि शहर त्याच्याही पलीकडे पसरले आहे. तथापि तेथील जुना तलाव अजून टिकून आहे, आणि १९५८ मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यक महाविद्यालयही तेथेच आहे. म्हैसूरच्या पठारावर बारमाही नद्या थोड्या असल्यामुळे ओढ्यांना बांध घालून तलाव करण्याची चाल तेथे शतकानुशतके चालत आली. या तलावांनी शेते भिजविली, माणसांची तहान भागविली, आणि गुराढोरांना पाणी दिले. त्याचबरोबर त्यांनी एका लहानशा प्राण्यालाही घर दिले. तो प्राणी म्हणजे पाण्यातली गोगलगाय.

दक्षिणेकडील अशा तलावांच्या काठी पाणवनस्पतीचे एखादे पान उलटून पाहिले तर त्याच्या खालच्या अंगास चपट्या वेटोळ्याची, तपकिरी शंखाची गोगलगाय बहुधा चिकटलेली आढळते. गुंडाळून ठेवलेल्या दोरखंडासारखा तिचा शंख दिसतो. शास्त्रज्ञ तिला इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस असे म्हणतात. ती पाण्यात राहते, पण श्वास घेण्यासाठी पृष्ठभागाशी येते. तलाव आटला की चिखलात शिरून राहते आणि पाऊस पडताच पुन्हा बाहेर येते. तिच्या अंगी नर व मादी अशी दोन्ही इंद्रिये असल्यामुळे एकटी उरलेली गोगलगायही आपला वंश चालवू शकते. दिसावयास ती निरुपद्रवी आहे, आणि स्वतः ती कोणास अपाय करीतही नाही. परंतु गुरांच्या एका त्रासदायक रोगाचा मार्ग तिच्या शरीरातून जातो.

या रोगात बैल किंवा गाय झोपेत नव्हे तर जागेपणी घोरू लागते. नाकातून शेंबूड व पू वाहतो, कधी रक्त येते. नाकपुडीच्या आत फुलकोबीसारखी मांसल वाढ होते आणि श्वासाची वाट अरुंद होते. नांगरास जुंपलेला बैल धापा टाकतो. म्हशींच्या शरीरातही हा कृमी राहतो, परंतु त्यांना सहसा एवढा त्रास होत नाही. शेतकऱ्यांना हा विकार फार पूर्वीपासून ठाऊक होता. त्याचे कारण मात्र १९३३ मध्ये स्पष्ट झाले. मद्रास येथील एम. अनंत नारायण राव यांनी त्या वर्षी नाकाच्या अस्तरातील नीलांमध्ये राहणाऱ्या एका कृमीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यास शिस्टोसोमा नेझेल हे नाव मिळाले. शिस्टोसोमा वंशातील कृमी पर्णकृमींच्या, म्हणजे पानासारख्या चपट्या कृमींच्या, वर्गातले आहेत. परंतु रक्तवाहिनीत राहावयाचे असल्यामुळे त्यांचे शरीर लांबट झालेले आहे. नराच्या अंगास एक पन्हळ असते आणि मादी त्या पन्हळीत जन्मभर राहते.

गाय पाणी पिण्यासाठी तलावात तोंड घालते तेव्हा नाकातील स्रावाबरोबर कृमीची अंडी पाण्यात पडतात. अंडे फुटून त्यातून केसाळ, पोहणारा डिंभ निघतो. प्राण्याच्या बाल्यावस्थेतील रूपास डिंभ म्हणतात. या डिंभाजवळ खाण्यासाठी तोंड नाही आणि आयुष्य जेमतेम काही तासांचे. तेवढ्या अवधीत त्यास गोगलगाय सापडली पाहिजे. सापडली तर तो तिच्या मऊ अंगात शिरतो, तेथे पिशवीसारखा होतो, त्या पिशवीत आणखी पिशव्या तयार होतात, आणि काही आठवड्यांनी एका डिंभाऐवजी हजारो डिंभ बाहेर पडू लागतात. या दुसऱ्या पिढीच्या डिंभास शेपूट असते आणि तिचे टोक दुभंगलेले असते. त्यास सर्केरिया म्हणतात. तो एक-दोन दिवस जगतो. एवढ्यात पाण्यात उभ्या असलेल्या गुराच्या कातडीस तो भिडला की शेपूट टाकून देऊन आत शिरतो व रक्तावाटे आपल्या ठिकाणी पोहोचतो.

आता एक प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. गुरांच्या मागोमाग गुराखीही त्याच पाण्यात उतरतो. पाण्यातील सर्केरियाला माणसाची व गुराची कातडी बाहेरून सारखीच. मग गुराख्याचे काय होते? त्याच्या पोटऱ्यांना खाज सुटते, बारीक पुरळ उठते आणि काही दिवसांनी ते मावळते. भाताच्या खाचरात लावणी करणाऱ्या मजुरांनाही हा अनुभव येतो, आणि पुष्कळदा त्याचा दोष चिखलास किंवा खतास दिला जातो. वास्तविक गुरांचे सर्केरिया माणसाच्या कातडीत शिरतात, परंतु तेथेच मरतात. गुरांचा कृमी माणसात वाढत नाही. माणसाच्या रक्तात वाढणारे त्याचे भाऊबंद आहेत खरे, पण ते आफ्रिकेत, पश्चिम आशियात, चीनमध्ये आणि फिलिपाइन्समध्ये. तलाव, उष्ण हवा, पाण्यात उतरणारी माणसे या सर्व गोष्टी भारतात असताना तो रोग येथे का पसरला नाही, याचे उत्तर गोगलगाईकडेच मागावे लागते.

ईजिप्तमधील शोध

माणसाच्या या रोगास बिलहार्झिया म्हणतात. थिओडोर बिलहार्झ हा जर्मन वैद्य कैरोच्या रुग्णालयात काम करीत होता. १८५१ मध्ये शवविच्छेदन करताना त्यास नीलांमध्ये हे कृमी आढळले. मूत्राशयाजवळच्या नीलांत राहणाऱ्या जातीस आता शिस्टोसोमा हीमाटोबियम म्हणतात. तिच्या अंड्यास एका टोकाशी काटा असतो. अंडी मूत्राशयाच्या भिंतीतून बाहेर पडताना तिला जखमा करतात आणि लघवीतून रक्त जाते. रोग वर्षानुवर्षे राहिला तर मूत्रपिंडे बिघडतात आणि मूत्राशयाचा कर्करोगही उद्भवू शकतो. ईजिप्तमध्ये हा रोग किती पुरातन आहे, याचा पुरावा १९१० मध्ये मिळाला. मार्क आर्मंड रफर यांना तीन हजार वर्षांपूर्वीच्या ममींच्या मूत्रपिंडांत या कृमीची अंडी सापडली.

कृमी सापडला, पण तो माणसात येतो कोठून हे पुढे साठ वर्षे कळले नाही. यकृतातील पर्णकृमी गोगलगाईच्या शरीरातून जातो, हे इंग्लंडमध्ये थॉमस व जर्मनीत लॉइकार्ट यांनी १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत स्वतंत्रपणे सिद्ध केले होते. तरीही कैरोतील आर्टुर लोस या नामांकित कृमिशास्त्रज्ञाचे मत असे होते की बिलहार्झियास गोगलगाईची गरज नाही. अंड्यातून निघालेला डिंभ सरळ माणसाच्या कातडीत शिरतो. लोस हा साधा मनुष्य नव्हता. अंकुशकृमी कातडीतून शिरतो हा शोध त्याचाच, आणि कदाचित त्यामुळेच तो येथेही तोच मार्ग पाहत राहिला. १९१३ मध्ये जपानात मियाइरी व सुझुकी यांनी तेथील जातीची मध्यस्थ गोगलगाय शोधून काढली, आणि १९१५ मध्ये ब्रिटिश सैन्यातर्फे ईजिप्तला गेलेल्या रॉबर्ट लीपर यांनी तेथील कालव्यांतील गोगलगाई तपासून वादाचा निकाल लावला. एवढेच नव्हे तर ईजिप्तमध्ये माणसाचे दोन निरनिराळे कृमी आहेत व दोघांच्या गोगलगाई वेगवेगळ्या आहेत, हेही त्यांनी दाखविले.

या दुसऱ्या शोधाचे महत्त्व मोठे आहे. कृमीस कोणतीही गोगलगाय चालत नाही. जी गोगलगाय एका कृमीचे डिंभ वाढविते तीच दुसऱ्या कृमीच्या डिंभास आपल्या शरीरात मारून टाकते. कुलपास किल्ली लागावी तशी ही जोडी जुळावी लागते. म्हणून रोगी मनुष्य नव्या देशात गेला तरी रोग तेथे रुजेलच असे नाही. रुजणार की नाही, हे तेथील पाण्यातील गोगलगाई ठरवितात.

भारतापुढचा प्रश्न आणि गिमवी

पहिल्या महायुद्धात भारतीय सैनिक ईजिप्तमध्ये व मेसोपोटेमियात लढले. त्या दोन्ही प्रदेशांत बिलहार्झिया होता. परतणाऱ्या सैनिकांबरोबर हा रोग भारतात येईल काय, अशी चिंता त्या वेळी उत्पन्न झाली आणि तिच्यामुळे भारतातील गोड्या पाण्याच्या गोगलगाईंची पद्धतशीर पाहणी सुरू झाली. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन ॲनंडेल आणि सेमूर स्यूएल यांनी १९२० मध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मुंबईत एम. बी. सोपारकर यांनी गोगलगाईंतून निघणारे सर्केरिया तपासण्याचे काम केले, आणि १९२१ मध्ये शिस्टोसोमा स्पिंडेल या गुरांच्या कृमीच्या सर्केरियाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. तो सर्केरिया येतो तो हेब्बाळसारख्या तलावांत आढळणाऱ्या त्याच चपट्या गोगलगाईतून. गुरांच्या कृमींशी तिची किल्ली जुळते. माणसाच्या कृमीशी जुळत नाही. भारत वाचला तो या कारणाने. उपाययोजनेमुळे वाचला असे म्हणता येत नाही.

परंतु हे समाधान पुरते टिकले नाही. कोकणात, रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यात गिमवी नावाचे गाव आहे. तेथील माणसांच्या लघवीत शिस्टोसोमाची काटेरी टोकाची अंडी सापडल्याचे आर. के. गाडगीळ आणि एस. एन. शहा यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केले. हे रोगी परदेशातून रोग घेऊन आलेले एखाददुसरे प्रवासी नव्हते. रोग गावातच होत होता. म्हणजे गावाच्या पाण्यात कोठेतरी या कृमीस आश्रय देणारी गोगलगाय असली पाहिजे. आफ्रिकेत ज्या बुलिनस वंशाच्या गोगलगाई हे काम करतात त्या येथे नाहीत. ज्या मोठ्या, ओळखीच्या गोगलगाई होत्या त्यांच्याविषयी तीस वर्षांपूर्वीच निर्वाळा मिळालेला होता. मग कोणती?

गाडगीळ व शहा यांनी पुढील संशोधनात जिच्याकडे बोट दाखविले ती गोगलगाय सहज दिसणारीही नाही. तिचे नाव फेरिसिया टेन्युइस. तिला वेटोळ्याचा शंख नसतो. उपड्या ठेवलेल्या इवल्याशा वाटीसारखे, काही मिलिमीटर लांबीचे, पातळ कवच तिच्या पाठीवर असते. पाण्यातील दगडाला वा कुजक्या पानाला ती अशी चिकटून बसते की पाहणाऱ्यास तो एखादा डाग वाटावा. गोगलगाय म्हणताच जे रूप डोळ्यांपुढे येते त्याच्याशी तिचे काही साम्य नाही, आणि या रोगाच्या इतर प्रदेशांतील इतिहासात तिच्या जातीवर कोणी संशय घेतलेला नव्हता. गिमवीच्या प्रकरणातून अभ्यासकांनी हाच धडा घेण्यासारखा आहे. ‘आपल्याकडील गोगलगाईंत हा कृमी वाढत नाही’ या वाक्याचा खरा अर्थ ‘आजवर तपासलेल्या गोगलगाईंत वाढत नाही’ एवढाच असतो.

कोकणात पाऊस धो धो पडतो, पण दिवाळीनंतर वहाळ आटत जातात आणि जागोजागी डोह तेवढे उरतात. धुणे, अंघोळ, गुरांना पाणी, मुलांचे पोहणे ही सारी कामे मग त्या थोड्या पाण्याभोवती गोळा होतात. पोहणारा मुलगा पाण्यातच लघवी करतो, त्यात कोणास वावगे वाटत नाही. अंडे, गोगलगाय आणि कातडी यांची गाठ पडण्यास याहून सोयीची जागा नाही. सुदैवाने गिमवीपलीकडे हा रोग पसरला नाही. मुंबईच्या हाफकिन संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्या गावी पुन्हा पाहणी करून १९८१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकूण रोग ओसरत गेला. आता प्राझिक्वांटेल या औषधाच्या थोड्या गोळ्यांनी हा कृमी मरतो. पूर्वी अँटिमनीची विषारी इंजेक्शने आठवडेच्या आठवडे घ्यावी लागत.

गिमवीसारखी घटना एकाकी नाही. भूमध्य समुद्रातील कॉर्सिका या फ्रेंच बेटावर बिलहार्झियाची कोणास शंकाही नव्हती. तेथील काव्हू नदीत पोहून आलेल्या प्रवाशांना हा रोग झाल्याचे २०१४ मध्ये उघडकीस आले. गोगलगाय नदीत पूर्वीपासून होती. उणीव होती ती रोगी माणसाची, आणि तो एके दिवशी आला.

जमिनीवरील गोगलगाई

आतापर्यंत पाण्यातील गोगलगाईंचा विचार झाला. बागेत व शेतात फिरणाऱ्या शंखी आणि बिनशंखी गोगलगाईंचा कृमी निराळा आहे व त्याची वाटही निराळी आहे. तो कातडीतून शिरत नाही. तोंडावाटे पोटात जातो. त्याचे नाव अँजिओस्ट्राँजिलस कँटोनेन्सिस. हा सुतासारखा गोल कृमी खरा उंदराचा. चीनमधील कँटन येथील उंदरांत सापडलेल्या या कृमीचे वर्णन १९३५ मध्ये झाले. प्रौढ कृमी उंदराच्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिण्यांत राहतात. त्यांचे डिंभ श्वासनलिकेतून घशाशी येतात, गिळले जातात आणि विष्ठेवाटे जमिनीवर पडतात. गोगलगाय ती विष्ठा खाते. तिच्या शरीरात डिंभ वाढतात. उंदीर गोगलगाय खातो तेव्हा डिंभ प्रथम त्याच्या मेंदूत जातात, तेथे वाढतात आणि मग फुप्फुसाकडे उतरतात.

हा मेंदूचा मुक्कामच माणसास घातक ठरतो. माणसाच्या पोटात गेलेले डिंभ मेंदूपर्यंत पोहोचतात, परंतु पुढची वाट त्यांना सापडत नाही. ते तेथेच मरतात आणि मेंदूच्या आवरणास सूज येते. तीव्र डोकेदुखी, मान ताठणे, अंगास मुंग्या येणे, कातडीस नुसता स्पर्शही सहन न होणे ही त्याची लक्षणे होत. बहुतेक रोगी काही आठवड्यांत बरे होतात. काहींना कायमचे अपंगत्व येते, क्वचित मृत्यूही येतो. ऑस्ट्रेलियात एका तरुणाने २०१० मध्ये मित्रांच्या आग्रहाखातर बिनशंखी गोगलगाय गिळली. त्यास पक्षाघात झाला आणि आठ वर्षांनी तो मरण पावला.

हा कृमी दूर पूर्वेकडचा आहे, असे मराठी वाचकाने समजू नये. मुंबईतील उंदीर-घुशींत तो असल्याचे संशोधकांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केले, आणि बृहन्मुंबईत तो कोणकोणत्या प्राण्यांतून जातो याचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. केरळात या प्रकारच्या मेंदुज्वराचे रोगी आढळले असून त्यांतील काहींनी औषध म्हणून घोरपडीचे कच्चे मांस खाल्ले होते. घोरपड गोगलगाई खाते आणि डिंभ तिच्या मांसात जिवंत राहतात. घोरपड मारणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, ही गोष्ट वेगळीच.

याच संदर्भात आफ्रिकी शंखी गोगलगाईकडे लक्ष द्यावे लागते. ही पूर्व आफ्रिकेची रहिवासी. १८४७ मध्ये शंखांचे अभ्यासक विल्यम बेन्सन यांनी मॉरिशसहून तिचे दोन जिवंत नमुने कलकत्त्यास आणले आणि ते चौरंगीच्या एका बागेत सुटले. एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालणाऱ्या या प्राण्यास पुढे कोणी आवरू शकले नाही. आज ती बंगळूरच्या बागांत आहे, मुंबईच्या कुंपणांवर आहे. २०२२ च्या पावसाळ्यात तर लातूर, बीड व धाराशिव या जिल्ह्यांत शंखी गोगलगाईंनी सोयाबीनचे कोवळे पीक रातोरात फस्त केले आणि शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. उंदराच्या कृमीस ती उत्तम आश्रय देते, हे इतर देशांत वारंवार दिसून आलेले आहे. एक परकी गोगलगाय, घुशी जेथे मुबलक आहेत अशा प्रदेशात पोहोचली, याचा अर्थ शेतकऱ्यास पिकापुरताच वाटतो. वैद्याने तो त्याहून अधिक समजला पाहिजे.

शेतातील गोगलगाई पहाटे किंवा सायंकाळी हातांनी वेचून मिठाच्या पाण्यात टाकणे हा उपाय प्रभावी आहे आणि तो करावयास हवा. मात्र वेचताना हातमोजे घालावेत, निदान हातास प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळावी, आणि काम संपल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज भाकरीस हात लावू नये. मुलांना हे काम खेळ म्हणून देऊ नये. पानाआड लपलेली बोटाच्या पेराएवढी बिनशंखी गोगलगाय पालेभाजीबरोबर स्वयंपाकघरात येऊ शकते; म्हणून कोथिंबीर, कोबी व कोशिंबिरीची पाने एकेक सुटी करून वाहत्या पाण्यात धुवावीत. शिजविलेल्या भाजीचे भय नाही, कारण उकळीने डिंभ मरतात. अंगणातील उघड्या पिंपात बुडून मेलेली गोगलगाय आढळल्यास ते पाणी पिण्यास घेऊ नये.

पाण्यातील गोगलगाईंचा बंदोबस्त त्या मानाने अवघड आहे. मोरचुदाने त्या मरतात, पण मासेही मरतात, आणि चिखलात उरलेली एखादी गोगलगाय पुढच्या पावसात तलाव पुन्हा भरून टाकते. बदके त्या खातात, काही मासेही खातात. गुरांना तलावात न उतरविता काठावरच्या दगडी कुंडीत पाणी पाजणे हा त्यातल्या त्यात खात्रीचा मार्ग होय. कुंडीत गोगलगाय नाही आणि गाईच्या नाकातील अंडी तलावात पडत नाहीत. साखळी दोन्हीकडून तुटते. घोरणारी गाय असेल तर तिला आधी पशुवैद्यास दाखवावे, कारण कळपातील बाकीच्या गुरांसाठी रोगाचा पुरवठा तिच्याच नाकातून होत असतो.